सतरा नंबरची आहारनोंद

आहारशास्त्राच्या प्रशिक्षण विभागातल्या बाईंना विद्यार्थिनी पाठीमागे 'कुलूपबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, कारण हे नाव त्यांनी कमावलेलं होतं. हॉस्पिटलातल्या कोणत्या पेशंटला काय पथ्य आहे, कोणाची साखर किती, कोण उशीखाली काय लपवून खातं, यातलं अवाक्षर कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. लिफ्टमध्ये दोन डॉक्टर पेशंटविषयी बोलायला लागले की बाई मधल्याच मजल्यावर उतरत आणि उरलेले जिने धापा टाकत चढत. नणंदेने एकदा फोनवर विचारलं, "वहिनी, आमच्या शेजारच्या काकू तुमच्याच हॉस्पिटलात आहेत ना?" बाई म्हणाल्या, "हॉस्पिटलात पुष्कळ काकू असतात." नणंदेने पुन्हा काही तो विषय काढला नाही.

नवऱ्याचे साहेब एकदा तीन आठवडे बाईंच्याच वॉर्डात होते. रोज सकाळी बाई साहेबांच्या ताटातलं मीठ कमी करत होत्या आणि रोज संध्याकाळी नवरा घरी येऊन सांगत होता, की साहेब म्हणे कुठेतरी फिरायला गेलेत, मजा आहे एकेकाची. बाई नुसतं "हो का" म्हणत. साहेब बरे होऊन परतले आणि सगळ्या ऑफिससमोर म्हणाले, "तुमच्या मिसेसनी मला पार अळणी करून टाकलं हो." त्या दिवशी नवरा घरी आला तो फुगूनच.

"मला सांगता आलं नसतं?"

"तुम्ही त्यांचे नातेवाईक आहात का?"

"तुझा नवरा आहे मी."

"पण पेशंट ते होते."

नवऱ्याने पेपर उघडून तोंडासमोर धरला.

अशा या बाई. पण वर्गाचं दार ढकलून आत आल्या की हेच कुलूप कुठल्या कुठे जाई. पेशंट ते पेशंट आणि मुली त्या आपल्या घरच्या, असा त्यांचा साधा हिशेब होता. घरात कसलं आलंय लपवणं?

पहिल्या सत्रात प्रत्येक मुलीने स्वतःची तीन दिवसांची आहारनोंद लिहायची, असा बाईंचा बावीस वर्षांचा शिरस्ता होता. काय खाल्लं, किती वाजता, किती चमचे, ताटात किती टाकलं, सगळं. सोबत वजन, उंची आणि कंबर. ही मोजमापं मुलींनी एकमेकींची घ्यायची आणि मोठ्याने सांगायची, म्हणजे लिहिणारीला नीट ऐकू जातं. मग ती सगळी पानं वर्गाच्या मागच्या फळ्यावर टाचण्यांनी लागत. पानावर नाव नसे, फक्त हजेरीचा नंबर असे. गुप्ततेची काळजी बाईंनी घेतली होती, ती एवढी. आता याच वर्गात मुली बसायच्या हजेरीच्या नंबराने, म्हणजे नऊ नंबरचं पान कोणाचं हे कळायला नवव्या खुर्चीकडे मान वळवली की झालं. ही गोष्ट बावीस वर्षांत बाईंच्या लक्षात आली नाही, की आली आणि त्यांनी ती मनावर घेतली नाही, देव जाणे.

पानं लागली की खेळ सुरू होई. बाई एक पान काढत, चष्मा नाकावर ओढत आणि नुसत्या खाण्यावरून माणूस उभा करत. "ही मुलगी आईवर रुसली आहे. दोन दिवस नाश्ता नाही आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट. म्हणजे तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला." वर्ग हसून लोटपोट होई. या खेळाची कीर्ती दुसऱ्या कॉलेजांपर्यंत गेली होती. मुलींना त्यातून टोपणनावं चिकटत, 'लोणी', 'पाव किलो', 'पहाटबिस्कीट', आणि ती प्रशिक्षण संपेपर्यंत सुटत नसत. बाईंना वाटे, केवढी माया आहे वर्गात. जुनी पानं त्या कपाटात जपून ठेवत. त्यांच्या आधाराने त्यांनी 'प्रशिक्षणार्थींच्या खाण्याच्या सवयी' असा निबंधही लिहिला होता आणि एका परिषदेत वाचून टाळ्या घेतल्या होत्या.

या वर्षी शुक्रवारी त्यांच्या हाताला सतरा नंबरचं पान लागलं.

सतरा नंबर म्हणजे उंच, अबोल, नेमून दिलेलं काम एक दिवस आधी देणारी मुलगी. बाईंनी पान वाचायला घेतलं. सकाळी साडेसात, उकडलेलं अंडं एक, पावाच्या स्लाइस दोन, दूध एक कप, साखर एक चमचा. साडेदहा, सफरचंद एक, मध्यम. दुसरा दिवस तसाच. तिसराही तसाच. खाली बेरीज होती, तिन्ही दिवस एकोणीसशे कॅलरी, ना एक कमी ना एक जास्त.

"मुलींनो," बाई म्हणाल्या, "आपल्यात एक थोर व्यक्ती आहे. रविवारीसुद्धा सकाळी साडेसातला उठून अंडं उकडते. सफरचंद तिन्ही दिवस मध्यम. बाजारात हिच्यासाठी वेगळी पाटी ठेवत असतील. आणि प्रथिनं पाहा, पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर दिलीत तेवढीच. असा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, आज दर्शन झालं."

सगळ्या माना सतराव्या खुर्चीकडे वळल्या. मुलगीही हसली. पण ती सगळ्यांच्या नंतर हसली आणि सगळ्यांच्या आधी थांबली. बाईंना ते दिसलं, आणि दिसूनही त्या आणखी दोन वाक्यं बोलून गेल्या, कारण वर्ग रंगात आला होता.

मग मात्र त्यांनी पान खाली ठेवलं. गंमत एकीकडे, पण खोटी नोंद ही खोटी नोंद. आज स्वतःचं खोटं लिहिणारी उद्या पेशंटचं खोटं लिहील, आणि त्या आकड्यावर कोणाच्या तरी इन्सुलिनची मात्रा ठरेल. विभागाचा नियमच होता, की खोटी नोंद करणारीला वॉर्डात पाठवायचं नाही. वॉर्ड सोमवारपासून सुरू होणार होता. वॉर्ड हुकला की वर्ष गेलं.

"दुपारी माझ्या खोलीत ये," बाई म्हणाल्या.

मुलगी दुपारी आली आणि उभीच राहिली. बाईंनी अहवालाचा फॉर्म समोर ओढला.

"खोटं का लिहिलंस?"

"मला ते फळ्यावर लावायचं नव्हतं, मॅडम."

"अगं, नाव कुठे असतं त्यावर?"

"मी सतराव्या खुर्चीवर बसते."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मुलीने बॅगेतून एक जाडसं बंद पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"खरी नोंदही लिहिली आहे. तीन दिवसांची, नीट मोजून. मला वॉर्डात पाठवायचं की नाही हे ठरवायला लागणार असेल तर तुम्ही वाचा. फक्त वर्गात वाचू नका."

"एवढं काय आहे त्यात?" बाई सवयीने विचारून गेल्या.

मुलीने पाकीट पुढे सरकवलं. मग म्हणाली, "पेशंटची नोंद घेण्याआधी काय काय सांगायचं, ते तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलंत. माहिती कशाला हवी, कोण बघणार, नको असेल तर नाही म्हणता येतं आणि नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. मग सही घ्यायची. आम्ही अशी सही कुठे केली होती, ते मी शोधलं. सापडली नाही."

"तुम्ही पेशंट थोड्याच आहात? तुम्ही आपल्या. घरच्यासारख्या."

"घरी सगळ्यांना माझं सगळं माहीत असतं, मॅडम," मुलगी म्हणाली. "म्हणून तर मी हॉस्टेलला राहते."

ती गेली. बाईंना राग आला, आणि रागाने काय करावं ते न सुचून त्यांनी टेबल पुसून काढलं. मग पाकीट हातात घेतलं. खाली ठेवलं. पुन्हा घेतलं. एकदा तर खिडकीच्या उजेडाकडेही धरून पाहिलं. पाकीट चांगल्या कागदाचं होतं, काही दिसलं नाही. शेवटी ते खणात टाकून त्यांनी खणाला कुलूप घातलं.

आता तुम्हालाही वाटत असेल, की काय होतं त्या पाकिटात? आजार होता, व्रत होतं, प्रेमभंग होता की नुसतीच रोजची तीन आइस्क्रीमं? वाटणारच. बावीस वर्षं त्या वर्गात आपण असतो तर आपणही माना वळवून सतराव्या खुर्चीकडे पाहिलं असतं. पण ते पाकीट या गोष्टीत उघडणार नाही, तेव्हा पुढे चला.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या ठरवूनच. खरं लिहायला असं काय लागतं? मी लिहून दाखवते. चहाचा कप बाजूला सारून त्यांनी कागदावर सकाळपासूनचं लिहायला घेतलं. नवरा समोर शब्दकोडं सोडवत होता. चहा दोन कप. बिस्किटं दोन. इथे बाईंचा हात थांबला. बिस्किटं पाच होती. त्यांनी खोडून तीन केलं. मग स्वतःचीच लाज वाटून पाच केलं. पुढे संध्याकाळी पाच वीसची ओळ आली. रोज पाच वीसला, कामावरून आल्या आल्या, पर्सही न ठेवता, बाई स्वयंपाकघरातल्या कपाटासमोर उभ्या राहून दोन चमचे कोरडी साखर तोंडात टाकत. तीस वर्षं लोकांची साखर बंद करणाऱ्या बाई. ही ओळ त्यांनी लिहिलीच नाही. सरळ आत्ताच्या चहावर गेल्या.

"पाच वीस राहिलं," नवरा कोड्यातून मान वर न करता म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"लग्नानंतर महिनाभरात असेल. ओट्यावर साखर सांडलेली असते. मी पुसतो."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तू मला सांगितलं नव्हतंस ना," नवरा म्हणाला. "मग मी कशाला बोलू? आडवे सात, चार अक्षरी, शेवटी 'ण'."

बाई उठून आत गेल्या. त्यांना रडू येत होतं, आणि ते साखरेसाठी नव्हतं. एकोणतीस वर्षं एका माणसाने आपली लाज पोटात ठेवली, ओटासुद्धा गुपचूप पुसत राहिला, आणि आपण मात्र त्याला गुपित राखणं शिकवत होतो. आणि त्या पोरीला आज भर वर्गात बसवून काय केलं आपण? त्यांना सतराव्या खुर्चीवरचं ते उशिरा आलेलं हसू आठवलं, आणि रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

शनिवारी सकाळी फॉर्म घेऊन त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. विभागप्रमुख म्हणजे बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, चौदा वर्षांपूर्वीची नऊ नंबर. चारचौघांत बाई तिला मॅडम म्हणत आणि दार लागलं की अगं-तुगं करत. फॉर्मवर 'खोट्या नोंदीचं कारण' या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, "विद्यार्थिनींची खाजगी माहिती त्यांना न विचारता मागितली आणि वर्गात उघड केली. जबाबदार: प्रशिक्षिका." खाली शिफारस होती, "वॉर्डात पाठवावं."

प्रमुखांनी दोनदा वाचलं. "मॅडम, हा कागद तुमच्या फाइलला लागेल. उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव मी याच महिन्यात वर पाठवलंय."

"लागू दे."

"आणि मुलीला नेमकं काय लपवायचं होतं? समिती विचारेल."

"माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही."

"तुम्ही? तुम्ही विचारलं नाही?" प्रमुख खुर्चीत मागे रेलल्या. मग त्यांनी उठून दार लावलं. "मॅडम, एक सांगू? रागावणार नसाल तर. ती एकटीच नाही. सगळ्याच खोटं लिहितात."

"म्हणजे?"

"वरच्या बॅचकडून तयार पानं मिळतात. माझ्या वेळी एका वहीत होती. त्यात चुका आधीच घालून ठेवलेल्या. एक नाश्ता चुकवायचा, मध्येच दोन केक टाकायचे, म्हणजे मॅडमना ओळखायला काहीतरी मिळतं आणि त्या खूश होतात. तो आईवर रुसलेल्या मुलीचा नमुना तर दर वर्षी कोणी ना कोणी घेतंच. माझ्या वाट्याला लोणी आलं. मी लोणी खातच नाही, मॅडम. पण दोन वर्षं 'लोणी' म्हणून हाका ऐकल्या, तेव्हा फार रडले मी. या मुलीने कोणाकडे पान मागितलं नसेल. म्हणून तिचं पुस्तकातून उतरलं आणि सापडलं."

बाईंनी समोरची खुर्ची ओढून घेतली. बावीस वर्षं त्यांनी खोटी माणसं खरी म्हणून ओळखून दाखवली होती. तो निबंध, त्या टाळ्या, सगळं त्या एका वहीतल्या केकवर उभं होतं. आणि गंमत बघा, पहिल्या तासाला त्या स्वतःच सांगत, की पेशंट खोटं सांगतो तेव्हा विचारणाऱ्याचं काहीतरी चुकलेलं असतं.

"त्या निबंधाबद्दल परिषदेला पत्र लिहावं लागेल," बाई म्हणाल्या.

"लिहायलाच हवं का?"

"खोट्या नोंदी आहेत गं त्या," बाई म्हणाल्या.

दुपारी त्यांनी फळ्यावरची पानं उतरवली. जिचं तिचं पान जिच्या तिच्या हातात दिलं आणि कपाटातली जुनी पानं कागद कापायच्या यंत्रात घालून बारीक केली. यंत्र दोनदा अडकलं आणि बाईंनी दोन्ही वेळा त्याला बोल लावले.

सोमवारी वॉर्डाच्या दारात मुलगी वेळेआधी उभी होती. बाईंनी तिच्या हातात पाकीट ठेवलं.

"उघडलं नाहीत?"

"नाही." बाई म्हणाल्या. "उजेडाकडे धरलं होतं."

मुलगी हसली. या वेळी तिला हसायला उशीर लागला नाही.

"शुक्रवारी मी चुकले," बाई म्हणाल्या. "वाईट वागले तुझ्याशी." मुलीने मान हलवली, आणि दोघी आत गेल्या.

मुलीला पहिली नोंद मिळाली ती खिडकीजवळच्या आजोबांची. त्यांचं वजन रोज उतरत होतं, आणि बाईंनी तीन दिवस विचारलं तरी आजोबा एकच सांगत होते, "सगळं संपवलं, ताई. छान होतं." एरवी विद्यार्थिनीच्या पहिल्या नोंदीला बाई खाटेला टेकून उभ्या राहत आणि मुलगी अडखळली की स्वतःच प्रश्न विचारून मोकळ्या होत. आज मुलीने पडदा ओढला, आणि ओढताना बाईंकडे पाहिलं. बाई वळल्या आणि आतलं ऐकू येणार नाही इतक्या लांब, थेट कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याच्या कूलरपाशी गेल्या. तहान नसताना त्या तीन पेले पाणी प्यायल्या. पडदा जरासुद्धा हलत नव्हता. पोरगी आत झोपली की काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. जायचं नाही, असं स्वतःला बजावत त्या कूलरला धरून उभ्या राहिल्या.

पाऊण तासाने मुलगी पान घेऊन आली.

"तुम्हाला दाखवलं तर चालेल का, विचारलंय. चालेल म्हणाले."

बाईंनी वाचलं. कवळी बसत नाही, टोचते. चावता येत नाही. तिन्ही दिवस फक्त सूप घेतलं, बाकी ताट शेजारच्या खाटेवर दिलं. बायको गेल्यापासून घरीही असंच, दोन वर्षं. मुलाला सांगू नये, तो खर्च करत बसेल.

"मला तर तीन दिवस 'सगळं संपवलं'च सांगत होते," बाई म्हणाल्या. "तू काय विचारलंस असं?"

"आधी काहीच नाही. सांगायचं नसेल तर सांगू नका, औषधपाणी थांबणार नाही, एवढंच म्हटलं. मग मी गप्प बसले. मग आजोबाच बोलायला लागले."

"किती वेळ गप्प बसलीस?"

"दहा मिनिटं तरी असतील."

तीस वर्षांच्या नोकरीत बाई कोणत्याही पेशंटसमोर सलग दोन मिनिटं गप्प बसल्या नव्हत्या. त्यांनी खिशातली छोटी वही काढली, तारीख घातली आणि मुलीसमोरच लिहून घेतलं, "दहा मिनिटं." मग विचारलं, "आणि त्या वेळी तू बघत कुठे होतीस?"